विश्लेषण : लोटेचे सांडपाणी खाडीत पोहोचते कसे? तपासणीत न दिसणाऱ्या ‘पीफास’ची चिंता का?

चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडकडे निघाले की मुंबई-गोवा महामार्गालगत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील रासायनिक उद्योगांचे हे सर्वांत मोठे ठिकाण. वसाहत सड्यावर आहे आणि उतारावरची गावे नदी-खाडीच्या काठी. त्यामुळे वर कारखान्यात काय चालले आहे, याची बातमी खालच्या गावांना अनेकदा पाण्याच्या रंगावरून, फेसावरून किंवा वासावरून कळते. गेल्या काही काळात मात्र लोटेचे नाव ‘पीफास’ या रसायनांच्या संदर्भात देशाबाहेरही पोहोचले आहे. या रसायनांना रंग नाही, वास नाही. मग ती पाण्यात आहेत की नाहीत, हे कळणार कसे? मुळात लोटेचे पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

लोटे आणि खाडी यांचा संबंध काय?

लोटे खेड तालुक्यात आहे. त्याच्या दक्षिणेला चिपळूणची वाशिष्ठी, उत्तरेला खेडची जगबुडी. या दोन्ही नद्या सह्याद्रीतून उतरतात, खाडीत एकत्र येतात आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळतात. या पट्ट्याला सगळेजण दाभोळ खाडी म्हणतात.

सडा जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातले काही पाणी जांभ्यातून झिरपते आणि बरेचसे पऱ्यांमधून खाली धावते. असे अनेक पऱ्ये मिळून लहान नद्या होतात. कोतवली गावाजवळची सोनपात्रा ही त्यातलीच एक. स्थानिक बातम्यांत तिचे नाव वर्षानुवर्षे येते, ते मुख्यतः पाण्याचा रंग बदलल्याच्या किंवा नदी फेसाळल्याच्या तक्रारींमुळे.

म्हणजे लोटे हे गाव थेट नदीच्या काठावर नसले, तरी त्याचा प्रत्येक थेंब शेवटी नदीकाठच्या कुणाच्या तरी दारावरून जातो.

कारखान्यांना पाणी कुठून मिळते?

वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते, याचे श्रेय कोयना प्रकल्पाला. घाटमाथ्यावरचे पाणी पोफळी, कोळकेवाडी परिसरातील वीजगृहांतून वीज तयार करून खाली येते. त्याला अवजल म्हणतात. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवण्याची मर्यादा कोयनेला घालून दिलेली आहे. हे अवजल वाशिष्ठीत येते आणि त्यावर चिपळूण परिसरातील पाणीयोजना तसेच लोटे, खडपोली येथील औद्योगिक वसाहती चालतात. कोयनेची वीजनिर्मिती थांबली की इकडे पाण्याची ओरड का सुरू होते, त्याचे कारण हेच.

लोटेत आता केवळ रासायनिक कारखाने नाहीत. अतिरिक्त लोटे-परशुराम वसाहतीत ३० नोव्हेंबर २०२३ रोजी एका मोठ्या शीतपेय कंपनीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. त्यातील गुंतवणूक सुमारे १,३८७ कोटी रुपये सांगण्यात आली. म्हणजे या भागात पाण्याची मागणी वाढणार आहे आणि वापरलेल्या पाण्याची जबाबदारीही.

वापरलेले पाणी कुठे जाते?

प्रत्येक कारखान्याने आपले सांडपाणी आधी स्वतःच्या आवारात ठरावीक पातळीपर्यंत शुद्ध करायचे, मग ते सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे म्हणजे सीईटीपीकडे द्यायचे, अशी व्यवस्था आहे. लोटेतील हे केंद्र उद्योजकांच्या सहकारी संस्थेमार्फत चालवले जाते. तिथे प्रक्रिया झालेले पाणी पाइपलाइनने करंबवणे खाडीत सोडले जाते.

पाणी वाशिष्ठीतून वर जाते आणि वाशिष्ठीच्याच खाडीत परत येते. मधल्या प्रवासात त्यात काय मिसळले आणि त्यातले किती काढून घेतले, यावर खाडीतल्या माशांचे आणि माणसांचे जगणे अवलंबून आहे.

खाडीत पाणी सोडण्याला वेळेचेही महत्त्व असते. ओहोटीच्या वेळी पाणी समुद्राकडे ओढले जाते आणि पातळ होत जाते. भरतीच्या वेळी सोडलेले पाणी उलटे आत, काठच्या गावांकडे ढकलले जाते. खाडी म्हणजे एका दिशेने वाहणारे गटार नव्हे. दिवसातून दोनदा ते पाणी परत येते.

खाडीपट्ट्यातला दिवस कसा चालतो?

घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर. पाणी कधी चढणार, कधी उतरणार, उधाण कधी आहे, यावर जाळे कधी टाकायचे ते ठरते. भोई समाजातील अनेक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका याच पाण्यावर राहिली आहे. लहान होडी, पाग किंवा जाळे, घरातलीच दोन माणसे. समुद्रातल्या ट्रॉलरचा हा धंदा नव्हे. बोय, कोळंबी, कुर्ल्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागात मुळे, कालवे. मिळालेली मासळी बायका पाटीतून गावोगावी किंवा खेड-चिपळूणच्या बाजारात नेतात.

या अर्थव्यवस्थेत पगाराची चिठ्ठी नसते. एखाद्या दिवशी मासळी मेली, तर नुकसान कोणत्याही नोंदवहीत आपोआप चढत नाही. शिवाय ‘खाडीची मासळी’ म्हटले की गिऱ्हाईक नाक मुरडू लागले, तर चांगली मासळीही पडत्या भावाने द्यावी लागते.

दुसरीकडे याच पट्ट्यातील अनेक घरांतली मुले लोटेच्या कारखान्यांत कामाला जातात. पूर्वी ज्या घरातला कर्ता माणूस मुंबईला चाकरमानी म्हणून जायचा, तिथे आता गावात राहून पगार घेता येतो. महामार्गालगतच्या खानावळी, भाड्याच्या खोल्या, रिक्षा, टेम्पो हे सगळे वसाहतीवर चालते. त्यामुळे ‘कारखाने हवेत की नकोत’ असा सरळ प्रश्न इथे कुणी सहसा विचारत नाही. एकाच घरात एकाचे पोट कारखान्यावर आणि दुसऱ्याचे खाडीवर असू शकते.

गाडगीळ समितीने काय नोंदवले?

पश्चिम घाट तज्ज्ञ समिती केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये नेमली. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या अहवालात लोटेचा स्वतंत्र उल्लेख आहे. सीईटीपीकडे येणारे सांडपाणी तिच्या क्षमतेबाहेरचे असून तिचे काम सदोष आहे, केंद्रातून ओसंडणारे पाणी कोतवलीला पाणी पुरवणाऱ्या ओढ्यांत जाताना दिसले, असे त्यात म्हटले आहे.

परिस्थिती सुधारत नाही म्हणून कोतवलीच्या तत्कालीन सरपंचांनी तेच दूषित पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांना मुंबईला हलवून वाचवण्यात आले. ही नोंदही त्याच अहवालात आहे.

अहवालातील दोन आकडे आजही चर्चेत येतात. लोटेतील उद्योगांनी सुमारे ११ हजार जणांना रोजगार दिला. तर प्रदूषणामुळे २० हजार जणांचा रोजगार गेला, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. दुसरा आकडा मच्छीमारांचा दावा आहे, सरकारी मोजणी नव्हे. पण मिळालेल्या नोकऱ्या मोजल्या जातात आणि गेलेला रोजगार दाव्यातच राहतो, हा फरकही त्यातून दिसतो.

ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते, याकडेही समितीने लक्ष वेधले. या आदेशांचा वापर प्रदूषणाविरोधातील आंदोलने रोखण्यासाठी झाला, असे समितीचे निरीक्षण होते.

हा अहवाल आता जुना आहे. आजच्या सीईटीपीचे मूल्यमापन आजच्या नमुन्यांवरूनच व्हायला हवे. पण खाडीपट्ट्यातील अविश्वास कुठून आला, हे समजायला तो उपयोगी पडतो.

सीईटीपीत मोजतात काय?

मुख्यतः चार-पाच गोष्टी. पाणी आम्ल आहे की अल्कली हे सांगणारा पीएच, तरंगणारे घन कण, तेल-ग्रीस, आणि बीओडी व सीओडी.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील, त्याचे माप. सीओडी म्हणजे तीच घाण तीव्र रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचे माप. जिवाणूंना न पचणारी अनेक रसायने सीओडीत पकडली जातात, म्हणून रासायनिक वसाहतीत सीओडी महत्त्वाचा.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेनुसार सीईटीपीतून नदी-नाल्यात पाणी सोडताना पीएच ६ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५० मिलिग्रॅम आणि घन कण १०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. किनारी पाण्यात सोडताना बीओडीची मर्यादा सैल, म्हणजे १०० मिलिग्रॅम आहे. सुरू असलेली प्रक्रिया यंत्रणा नसेल तर उद्योग चालवू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी दिला होता.

मग मासे मरतात तेव्हा कारण कळत का नाही?

कारण पुरावा काही तासांत वाहून जातो. मासे मरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होणे. मासळीसाठी तो लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. सांडपाण्याने तो घटतो. पण पहिल्या पावसात कुजलेला पालापाचोळा आणि गाळ एकदम वाहून आला तरी तो घटू शकतो. थेट विषारी रसायनामुळेही मासे मरतात. वरून पाहता तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात.

इथेच वादाला तोंड फुटते. पावसाच्या आडून सांडपाणी सोडले, असा ग्रामस्थांचा आरोप असतो. पावसानेच झाले, असे उत्तर मिळते. अधिकारी येईपर्यंत भरती-ओहोटीचे एक चक्र होऊन जाते. दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना हा दुसऱ्याच पाण्याचा नमुना असतो. म्हणून मेलेल्या माशांच्या फोटोपेक्षा त्याच तासात घेतलेला पाण्याचा नमुना अधिक मोलाचा ठरतो.

‘पीफास’ म्हणजे काय?

कार्बन आणि फ्लोरिन यांच्या साखळीने बनलेल्या हजारो मानवनिर्मित रसायनांचे हे कुटुंब. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कापड, आग विझवण्याचा फेस, इलेक्ट्रॉनिक्स अशा अनेक ठिकाणी ती वापरली जातात. कार्बन-फ्लोरिन बंध अतिशय बळकट असतो. ऊन, पाणी, जिवाणू यांनी तो सहजी तुटत नाही. म्हणून त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणतात.

सगळी सारखीच घातक नाहीत आणि फ्लोरिन असलेले प्रत्येक रसायन पीफास नसते. पण यातील ‘पीएफओए’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. ‘पीएफओएस’ आणि ‘पीएफओए’ अनुक्रमे २००९ आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले.

इटलीचा लोटेशी संबंध काय?

इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील त्रिसिनो या गावी मितेनी नावाची कंपनी पीफास बनवत होती. २०१३ मध्ये त्या परिसरातील भूजल आणि पिण्याचे पाणी दूषित असल्याचे समोर आले. विचेन्झा, वेरोना आणि पादुआ जिल्ह्यांतील सुमारे साडेतीन लाख लोक त्याच्या कक्षेत आले. मुलांच्या रक्तात ही रसायने सापडल्यावर तिथल्या आयांनी संघटना उभारली. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या कैदेच्या शिक्षा सुनावल्या.

दिवाळखोरीनंतर मितेनीची यंत्रसामग्री, पेटंट आणि तंत्रज्ञान २०१९ मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतले. फ्लोरिनयुक्त विशेष रसायनांचा प्रकल्प लोटे-परशुराम येथे उभारण्याची योजना कंपनीने २०२१ च्या समभाग विक्रीच्या कागदपत्रांत जाहीर केली होती. इटलीतील खटला जुन्या व्यवस्थापनावर होता. या भारतीय कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. यंत्रे विकत घेणे म्हणजे प्रदूषण करणे, असाही अर्थ होत नाही. मात्र ज्या यंत्रांच्या मूळ गावी पाण्याचे असे झाले, ती आपल्या सड्यावर आल्यावर खालच्या गावांनी प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे.

नेहमीच्या तपासणीत पीफास का दिसत नाही?

दोन कारणे आहेत. पहिले, सीओडीच्या चाचणीत पाणी तीव्र आम्ल आणि डायक्रोमेटसह सुमारे १५० अंश सेल्सिअसला दोन तास तापवतात. बहुतेक सेंद्रिय पदार्थ त्यात जळतात. कार्बन-फ्लोरिनची पूर्ण साखळी मात्र त्यालाही दाद देत नाही.

दुसरे कारण प्रमाणाचे. सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी ठरवलेली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम. दोन्ही आकड्यांत सहा कोटींहून अधिक पटीचा फरक आहे. रस्त्यावरच्या वजनकाट्यावर ट्रक मोजता येतो, त्यावर ठेवलेला मिठाचा कण कळत नाही, तसे हे. पीफास मोजायला वेगळी, महागडी उपकरणे असलेली प्रयोगशाळा लागते.

म्हणजे सीईटीपीचा अहवाल प्रत्येक निकषावर ‘उत्तीर्ण’ असू शकतो आणि तरीही पीफासबद्दल तो काहीच सांगत नाही. सीईटीपीतील जिवाणूही ही साखळी तोडू शकत नाहीत. असलेच, तर पीफास पाण्यासोबत पुढे जाते किंवा गाळात बसते. भारतात पिण्याच्या पाण्याच्या मानकांत पीफाससाठी बंधनकारक मर्यादा नाही. युरोपीय महासंघात २० प्रकारच्या पीफाससाठी एकत्रित लिटरला १०० नॅनोग्रॅम ही मर्यादा जानेवारी २०२६ पासून लागू झाली आहे.

घरातल्या पाण्याचे काय?

जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद आहे. त्यात पीएच, क्षारता, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड अशा गोष्टी कळतात. नावातले साम्य पाहून गोंधळ होऊ शकतो. पण फ्लोराइडची चाचणी म्हणजे पीफासची चाचणी नव्हे.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पीफास जात नाही. सक्रिय कार्बन किंवा आरओ गाळण्यांनी ते बऱ्याच अंशी काढता येते. पण काढलेले रसायन गाळणीत किंवा टाकाऊ पाण्यात उरतेच. घरोघरी आरओ बसवणे हा गावाचा उपाय होऊ शकत नाही. ते मुळातच पाण्यात जाऊ न देणे हाच स्वस्त मार्ग, हा इटलीतला धडा आहे.

ग्रामस्थ काय विचारू शकतात?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय चिपळूणला आहे. प्रत्येक उद्योगाला मंडळाकडून संमतीपत्र घ्यावे लागते. काय बनवायचे, किती, सांडपाणी किती आणि ते कुठे सोडायचे, हे त्यात लिहिलेले असते. ग्रामसभेच्या ठरावाने किंवा माहिती अधिकारात पुढील गोष्टी मागता येतात :

• परिसरातील प्रकल्पांची संमतीपत्रे आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पूर्ततेचे सहामाही अहवाल.

• सीईटीपीत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे गेल्या वर्षभराचे अहवाल.

• फ्लोरिनयुक्त रसायने बनवणाऱ्या प्रकल्पांच्या सांडपाण्याची पीफाससाठी तपासणी होते का, कोणत्या प्रयोगशाळेत, किती वेळा?

• विहिरी, पऱ्ये, सोनपात्रा आणि खाडी यांच्या पाण्याची आजची पीफास पातळी मोजली आहे का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत तातडीचा. आज पातळी काय आहे हे नोंदवले नाही, तर पाच-दहा वर्षांनी काही सापडल्यावर ते आधीपासून होते की नंतर आले, हा वाद कधीच मिटणार नाही. ही पहिली मोजणी उद्योगांच्याही हिताची आहे, कारण काही नसेल तर तेही त्यातूनच सिद्ध होईल.

पाण्याचा रंग बदलला, फेस आला किंवा मासे मेलेले दिसले, तर वेळ, ठिकाण आणि भरती की ओहोटी याची नोंद करावी, फोटो काढावेत आणि लगेच मंडळाच्या कार्यालयाला व ग्रामपंचायतीला कळवावे. नमुना अधिकाऱ्यांनी पंचांसमक्ष घेऊन सीलबंद करावा, असा आग्रह धरावा. मेलेली मासळी खाऊ किंवा विकू नये.

फेस आणि वास यांच्याविरुद्ध खाडीपट्टा अनेक वर्षे तक्रार करत आला, कारण ते दिसत होते. न दिसणाऱ्या रसायनाबाबत डोळ्यांवर आणि नाकावर विसंबता येणार नाही. तिथे मोजणीच लागेल, आणि तिचे आकडे गावाच्या सूचना फलकावर लागायला हवेत.